चंदा नको, जाळी बसवा

धोटा उडून कुणाचा डोळा गेला, पट्ट्यात कुणाची बोटं सापडली, की आपल्या मोहल्ल्यात एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं : "अल्लाह की मर्जी." म्हणणारा बहुधा शेठच असतो. मग तो दवाखान्याचं बिल भरतो, घरी थोडे पैसे पाठवतो आणि लोक त्याच्या दिलदारपणाची तारीफ करतात. पट्ट्यावर जाळी मात्र बसत नाही. आधी उंट बांधा, मग भरवसा ठेवा, हे आपण लहानपणापासून ऐकतो. कारखान्याच्या दारात आलं की ते विसरतो.

१८ डिसेंबर २०१७ रोजी पहाटे मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणच्या दुकानाला आग लागली. आत झोपलेले १२ कामगार गेले. काम जिथे, बिछानाही तिथेच. याला तकदीर कसं म्हणायचं? भाड्याची खोली वाचते म्हणून माणसं पोटमाळ्यावर झोपवली जातात. भिवंडी, मालेगाव, धारावीत आजही कारागीर कामाच्याच जागी झोपतात. त्यासाठी कुठला अहवाल वाचायला नको, आपलेच मामा आणि चुलतभाऊ तिथे झोपतात.

सरकारही धुतल्या तांदळाचं नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की तो कारखाना ठरायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत हा आकडा २० झाला. म्हणजे त्याहून कमी कामगारांच्या लूमशेड या संहितेत कारखाना ठरतच नाहीत. त्यात एकाच छपराखालचे लूम भावाच्या, बायकोच्या, मुलाच्या नावावर दाखवायची आपली जुनी कला आहेच.

तरीही १० किंवा जास्त कामगार असलेल्या मालकावर ही संहिता बरंच काही टाकते : धोका नसलेली कामाची जागा, ठरलेल्या कामगारांची फुकट वार्षिक तपासणी आणि प्रत्येकाला नेमणूकपत्र. कर्तव्य चुकल्याने कामगार मेला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान ५ लाख दंड, किंवा दोन्ही. त्या दंडातला किमान निम्मा वारसांना द्यायचा आदेश कोर्ट देऊ शकतं. नुकसानभरपाई तर वेगळीच. कामावरच्या अपघातात मृत्यू झाला असेल तर "त्याचीच चूक होती" म्हणून मालक त्यातून सुटत नाही. ही खैरात नव्हे, देणं आहे. म्हणूनच नेमणूकपत्र टाळलं जातं. कागद नसला की शेठ म्हणायला मोकळा, हा माझा माणूसच नव्हता.

यावर उत्तर ठरलेलं : धंदा आधीच मंदा, आपलीच माणसं, नियम काढले तर इन्स्पेक्टर आपल्यालाच छळेल. छळाची भीती खोटी नाही. पण मग तिची किंमत कांड्या भरणाऱ्या पोरानं बोटं देऊन का मोजायची? एका इफ्तार पार्टीच्या खर्चात शेडभर पट्ट्यांना जाळ्या बसतील.

शिकलेल्या पोरापोरींनो, आधी घरात विचारा : अब्बांकडे नेमणूकपत्र आहे का? नसेल तर पगाराच्या नोंदी, हजेरीच्या चिठ्ठ्या, शेठचे व्हॉट्सॲप मेसेज आजच जपून ठेवा. आणि चंद्याची पावती घेऊन शेठ दारात आले, की सलाम करून विचारा, रात्री शेडचं कुलूप आतून उघडतं का.