जपानी गाणी देवनागरीत म्हणा

नांदेड-लातूरची पोरं योआसोबी, लिसा ऐकतात आणि म्हणायची वेळ आली की शब्द इंग्रजी लिपीत शोधतात. कशाला? जपानीत स्वर पाचच, अ इ उ ए ओ, आणि ते आपल्याला शिकावे लागत नाहीत. लिसाचं २०१९चं 'गुरेंगे' घ्या. त्याचा पहिलाच उच्चार 'त्सु'. इंग्रजीत वाचणारा त्यातला त गिळतो. तुम्ही 'चूल'मधला च लावा, झालं. हिंदीत तो च नाहीच. (आणि आपल्या बोलण्याला गावठी म्हणतात!)

"अर्थ कळत नाही, मग म्हणता कशाला?" नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन आपण काय शब्दकोश घेऊन ऐकतो?

१९६३ साली क्यू साकामोतोचं जपानी गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तिथं त्याचं नाव ठेवलं 'सुकियाकी', म्हणजे मांसाचा एक पदार्थ. गाण्यात जेवणाचं नावही नाही.