शिक्षा स्वस्त, न्याय महाग : शाळेतील ‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस’चा पन्नास वर्षांचा हिशेब

१/
एका विद्यार्थ्याने दुसऱ्याचे नाक फोडले. शाळेने मारणाऱ्याला पाच दिवस निलंबित केले. सहाव्या दिवशी दोघे पुन्हा एकाच वर्गात. या पाच दिवसांत मार खाल्लेल्या मुलाला काय मिळाले? काहीही नाही. ना कोणी त्याला विचारले, ना त्याची भीती गेली. ‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस’ हा विचार या रिकाम्या जागेतून जन्मला. #थ्रेड

२/
रिस्टोरेटिव्ह जस्टिस म्हणजे सांधणारा न्याय. ‘कोणता नियम मोडला आणि त्याला शिक्षा कोणती’ हा त्याचा पहिला प्रश्न नव्हे. ‘इजा कोणाला झाली आणि ती भरून काढण्याची जबाबदारी कोणाची’ हा त्याचा प्रश्न. विरोधक याला लाड म्हणतात. समर्थक निलंबनाचे घटलेले आकडे पुढे करतात. इतिहास या दोघांच्याही विरोधात साक्ष देतो.

३/
आधुनिक कहाणीची सुरुवात बहुधा १९७४ पासून सांगितली जाते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात एल्मायरा नावाचे छोटे गाव आहे. दोन तरुणांनी एका रात्री २२ ठिकाणी नासधूस केली. परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या सूचनेवरून न्यायाधीशांनी त्यांना ज्यांचे नुकसान झाले त्यांच्या भेटीला धाडले. दोघांनी दारोदार जाऊन गुन्हा कबूल केला आणि पुढील काही महिन्यांत भरपाई चुकती केली. ज्याची काच फोडली त्याच्याच उंबऱ्यावर उभे राहणे, याला सौम्य शिक्षा कोण म्हणेल?

४/
दुसरा टप्पा न्यूझीलंडचा. राज्यसंस्था आमची मुले कुटुंबापासून तोडून संस्थांमध्ये डांबते, अशी माओरी समाजाची तक्रार होती. १९८९ च्या बाल-कुटुंब कायद्याने ‘कुटुंब-परिषद’ आणली. मूल, त्याचे नातलग, पोलीस आणि इजा झालेली व्यक्ती एकत्र बसून पुढचा मार्ग ठरवू लागली. राज्याने दया दाखवावी, असे हे मागणे नव्हते. निर्णयात वाटा हवा, असे होते.

५/
ही पद्धत शाळेत आली १९९४ मध्ये, ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात. मरुचिडोर येथील सरकारी माध्यमिक शाळेत गंभीर मारहाणीचे प्रकरण घडले होते. शाळेच्या समुपदेशक मार्गारेट थॉर्सबोर्न यांनी त्यात परिषद घेतली. म्हणजे पहिली कसोटीच अवघड प्रकरणाची होती. किरकोळ खोड्यांसाठी काढलेली ही गोड युक्ती नव्हे.

६/
त्याच १९९४ मध्ये अमेरिका नेमकी उलट दिशेला निघाली. शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला किमान एक वर्ष शाळेबाहेर काढावे, ही अट त्या वर्षीच्या संघीय कायद्याने शिक्षण-अनुदानाला जोडली. बंदुकीपुरते हे समजण्यासारखे होते. परंतु ‘झीरो टॉलरन्स’ हे ब्रीद बंदुकीपाशी थांबले नाही. हाणामारी, उर्मटपणा, ‘अवज्ञा’ या सर्वांना शाळा तोच न्याय लावू लागल्या.

७/
यातील विसंगती लक्षणीय आहे. १९७५ मध्येच ‘गॉस विरुद्ध लोपेझ’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की, थोड्या दिवसांच्या निलंबनापूर्वीही विद्यार्थ्याला आरोप सांगितला पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. निकाल पाच विरुद्ध चार असा निसटता होता. पुढच्या वीस वर्षांत ऐकणे हा उपचार उरला. शिक्षा आधीच ठरलेली असेल, तर सुनावणी कशाची?

८/
आणि ही शिक्षा सर्वांना सारखी नव्हती. शिक्षण खात्याने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या निलंबनाचे आणि हकालपट्टीचे प्रमाण गोऱ्या विद्यार्थ्यांच्या तिप्पट होते. ‘नियम सर्वांना एकच’ हे वाक्य ऐकायला निःपक्षपाती वाटते. मात्र ‘अवज्ञा’ कशाला म्हणायचे, हे नियम ठरवत नाही, तो लावणारा माणूस ठरवतो.

९/
या पार्श्वभूमीवर कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराचा प्रयोग वाचावा. नागरी हक्कांच्या वकील फॅनिया डेव्हिस यांनी २००५ मध्ये उभारलेल्या संस्थेच्या पुढाकाराने वेस्ट ओकलंडच्या कोल मिडल स्कूलमध्ये तो झाला. बर्कलीच्या विधी महाविद्यालयाच्या अभ्यासाने तेथील निलंबने ८७ टक्क्यांनी घटल्याची नोंद केली. २०१० मध्ये ओकलंडच्या शिक्षण मंडळाने ही पद्धत धोरण म्हणून स्वीकारली.

१०/
‘८७ टक्के’ हा आकडा जगभर फिरला, त्यामागचे श्रम मागे राहिले. एका परिषदेसाठी काय लागते? संयोजक आधी दोन्ही बाजूंना स्वतंत्र भेटतो. इजा झालेले मूल तयार आहे का, हे पाहतो. करणाऱ्याने कृत्य मान्य केले आहे का, हे तपासतो. पालकांना बोलावतो. मग बैठक, मग लेखी करार, आणि आठवड्यांनंतर तो पाळला गेला का याची विचारपूस. एका भांडणामागे एका प्रौढ माणसाचे कितीतरी तास. निलंबनाला लागतो एक कागद आणि एक सही.

११/
इथेच फसवणुकीला वाव मिळतो. २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या शिक्षण मंडळाने केवळ ‘हेतुपुरस्सर अवज्ञे’साठी निलंबन करण्यास बंदी घातली. निर्णय योग्यच होता. त्याच ठरावात सर्व शाळांमध्ये रिस्टोरेटिव्ह पद्धती पोहोचवण्याचे वर्ष मात्र २०२० होते. जुनी शिक्षा आज गेली, पर्याय सात वर्षांच्या वायद्यावर. मधल्या काळात पन्नास मिनिटांच्या तासात शिक्षकाने काय करायचे होते?

१२/
पिट्सबर्ग शहरातील ४४ शाळांमध्ये रँड या संशोधन संस्थेने दोन शैक्षणिक वर्षे केलेली पाहणी २०१८ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. निलंबनाचे दिवस घटले, शाळेचे वातावरण सुधारल्याचे शिक्षकांनी सांगितले, वर्णभेदाची दरीही कमी झाली. पण सहावी ते आठवीत निलंबने घटली नाहीत, आणि त्या मुलांची शैक्षणिक कामगिरी खालावली. जो समर्थक पहिला भाग सांगून दुसरा गाळतो, तो चळवळीचा मित्र नव्हे. जो विरोधक दुसराच भाग सांगतो, त्याच्या प्रामाणिकपणाचीही तीच गत.

१३/
पुढचा क्रम पाहा. ओबामा प्रशासनाने २०१४ मध्ये शिस्तीतील वर्णभेदाविरुद्ध काढलेले मार्गदर्शक पत्र डिसेंबर २०१८ मध्ये मागे घेतले गेले. २०१९ मध्ये खुद्द ओकलंडच्या शिक्षण मंडळाने अंदाजपत्रकात कपात केली, तेव्हा कात्री रिस्टोरेटिव्ह जस्टिसच्या कार्यक्रमावरही चालली. विद्यार्थी तो वाचवण्यासाठी मंडळासमोर उभे राहिले. जगाला आदर्श म्हणून दाखवलेली गोष्ट आपल्याच गावी ‘परवडत नाही’ ठरली.

१४/
म्हणून ‘लाड’ हा आरोप निराधार आहे. घरी बसून मोबाइल पाहणे सोपे, की ज्याला मारले त्याच्या आईसमोर बसून तिचे बोलणे ऐकणे सोपे? निलंबित मुलावर एकच सक्ती असते, अनुपस्थितीची. सांधणारा न्याय त्याच्याकडून कबुली, श्रम आणि भरपाई मागतो. लाड झालेच असतील, तर ते निधी न देता धोरण जाहीर करणाऱ्या प्रशासनाचे झाले.

१५/
पण समर्थकांनाही एक जाब द्यावाच लागेल. गुंडगिरी सोसलेल्या मुलाला त्याच्या मनाविरुद्ध त्रास देणाऱ्यासमोर बसवणे आणि ‘हात मिळवा, झाले’ म्हणणे हा न्याय नव्हे. ती दुसरी इजा आहे. या पद्धतीचा पाया ऐच्छिक सहभाग हा आहे. इजा झालेल्याला ‘नाही’ म्हणता येत नसेल, तर ती शिक्षेपेक्षाही क्रूर ठरते, कारण शिक्षा निदान त्याच्याकडून क्षमेची अपेक्षा करत नाही.

१६/
मराठी वाचकाला हे दूरचे वाटू नये. शिक्षणाचा हक्क कायदा, २००९ : कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ निषिद्ध आहे. छडी, उठाबशा, ‘दाखला घेऊन जा’ ही धमकी, हे सारे कायद्याने मोडीत काढले, आणि ते उचितच झाले. त्या जागी काय ठेवले? द्विशिक्षकी शाळेतील गुरुजींनी निवडणूक आणि जनगणनेची कामे सांभाळून कोणत्या तासाला परिषद भरवावी?

१७/
आणखी एक धोका खास आपला आहे. ‘प्रकरण शाळेतच मिटवू’ ही आपल्याकडची जुनी सवय. लैंगिक अत्याचाराबाबत २०१२ चा पोक्सो कायदा स्पष्ट आहे : माहिती पोलिसांना देणे बंधनकारक, न देणे हा गुन्हा. तेथे कुठलीही बैठक पर्याय ठरू शकत नाही. सांधणे आणि झाकणे यांतील फरक ज्या व्यवस्थेला कळत नाही, तिच्या हाती हे साधन देणे घातक आहे.

१८/
निलंबनाचा आकडा शून्यावर आणायला एक परिपत्रक पुरते. त्या शून्याने मार खाल्लेल्या मुलाची भीती शून्य होत नाही. म्हणून यापुढे कोणत्याही सरकारने ‘आमच्या शाळा शिक्षामुक्त’ अशी घोषणा केली, की दोनच प्रश्न विचारावेत : प्रत्येक शाळेत या कामासाठी पूर्णवेळ माणूस नेमला का? आणि ज्याला इजा झाली, त्याला कोणी विचारले का? दोन्हींची उत्तरे नकारार्थी असतील, तर शिक्षा गेली आहे. न्याय अजून आलेला नाही. (समाप्त)