सगळ्यांची बाई

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आमच्या घरी उटणे लावावयाचे ते आजीने, असा दंडक होता. मी कॉलेजात मराठी शिकवू लागलो, तरी पाठीवरचा तिचा हक्क सुटला नाही. "रड की जरा," ती म्हणे, "प्राध्यापक न्हातोय हे शेजारीपाजारी कळू दे!"

येवल्यात तिला 'आजी' म्हणणारा मी एकटा. बाकी सारी वस्ती तिला 'बाई' म्हणे.

येवल्याची पैठणी आपण पाहिली असेल. ती विणताना पाहिली आहे काय? विणकर खड्ड्यात पाय सोडून मागावर बसतो. पदरावरचा एकेक मोर रंगारंगाच्या कांड्या हाताने गुंफीत उभा करावा लागतो. नुसत्या पदरातच दिवसांमागून दिवस जातात. घरातली बाई रेशीम उकलते, कांड्या भरते. अशा घरात तीन वर्षांच्या पोराने जावे कुठे? ते मागाभोवतीच घुटमळते. सुतात हात घालील म्हणून कधी खांबालाही बांधले जाते. आमच्या शेजारी अशी घरे पुष्कळ होती.

आजोबा १९५९ साली गेले. आजी तेव्हा सत्तावीस वर्षांची. पदरी सात वर्षांचा मुलगा, म्हणजे माझे वडील. दुसऱ्या वर्षी तिने त्यांना मनमाडला आपल्या भावाकडे ठेवले आणि ती बालशिक्षणाचे धडे घ्यायला डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला गेली. तिथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ होत्या. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेले त्यांचे काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर आले होते. महागडी साधने नसली तर खडे, बिया, शिंपले यांनीही मूल शिकते, हे त्यांनी दाखवून दिले. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि सहा महिन्यांतच वैधव्य आले. पुढे त्या आमच्या नाशिक जिल्ह्यातच, चांदोरीला शिक्षिका होत्या. त्यामुळे आजी त्यांना 'आमच्याकडच्या' म्हणे.

दहा महिन्यांनी ती परतली आणि आमच्या ओसरीवर बालवाडी भरू लागली. शिंपल्यांच्या जागी रिकाम्या कांड्या आल्या. रंग शिकवायला उरल्यासुरल्या रेशमाचे तुकडे आले. पाण्याचा माठ मात्र एकच. ज्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, त्याच येवल्यात पंचवीस वर्षांनंतर त्या एका माठापायी चार घरांनी आपली मुले काढून नेली! आजीने दुसरा माठ आणला नाही. वर्षभरात तीन घरची मुले परत आली. चौथे आले नाही. त्या मुलाचे नाव ती पुढे कितीतरी वर्षे घेत असे.

मीही त्याच ओसरीवर शिकलो. पहिल्या दिवशी धावत जाऊन तिच्या मांडीवर बसलो, तर तिने मला उचलून खाली ठेवले. "इथं मी तुझी आजी नाही, सगळ्यांची बाई आहे. रांगेत बस." मी दिवसभर रुसलो. संध्याकाळी मात्र तिने सारे व्याजासकट फेडले. गरम भाकरीवर लोण्याचा गोळा आणि झोप येईपर्यंत गोष्टी.

वडील हे सारे मुकाट्याने पाहत. एकदाच म्हणाले, "तुला ती संध्याकाळी तरी मिळते." मनमाडचे ते दहा महिने त्यांच्या मनातून गेले नव्हते. मामांचा हात धरून ते रोज स्टेशनवर जात. मनमाड मोठे जंक्शन. गाड्या पुष्कळ येत, आई येत नसे. आजी या गोष्टीविषयी कधी बोलली नाही आणि वडिलांनी कधी विचारले नाही. माझ्यावरची तिची माया ही जुन्या देण्याची फेड होती, असे मला पुढे वाटू लागले. पण ती फेड भलत्याच माणसाच्या हाती पडत होती. समाजसेवकांची चरित्रे मी वर्गात शिकवतो. त्यांत त्यांच्या मुलांचे पान बहुधा कोरेच असते.

२०१९ च्या पावसाळ्यात आजी सत्त्याऐंशी वर्षांची होती. माणसे ओळखेनाशी झाली होती. एके संध्याकाळी वडील तिला पेज भरवत होते. ती त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिली आणि एकाएकी म्हणाली,

"बाळ, सगळी पोरं गेली. तुला न्यायला कुणी आलं नाही का अजून? आई कुठं गेली तुझी?"

वडिलांचा हात थांबला. मग ते हळूच म्हणाले, "कामाला गेली आहे, बाई. येईल."

"येईल हो. आल्यावाचून राहायची नाही. तोवर मी आहे."

तिने त्यांचा हात धरून ठेवला. वडील दिवेलागण होईपर्यंत तसेच बसून राहिले. पेज निवून गेली.

त्या दिवाळीला आजी नव्हती. पहाटे वडिलांनी उटण्याची वाटी उचलली आणि मला म्हणाले, "बस. पाठ इकडे कर."