कपाळावरून गालावर

१९९९ सालच्या एप्रिलात जपानी दूरचित्रवाणीवर ‘टर्न-ए गंडम’ ही मालिका सुरू झाली. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो. गंडमचे घराणे १९७९ मध्ये ज्यांनी सुरू केले तेच. गंडम म्हणजे आत बसून चालवायचे माणसाच्या घडणीचे महाकाय युद्धयंत्र; नायकाच्या यंत्राचा आराखडा सिड मीड यांचा. ‘ब्लेड रनर’मधले शहर आणि ‘ट्रॉन’मधल्या प्रकाशाच्या मोटारसायकली ज्यांच्या कागदावरून पडद्यावर गेल्या, ते हे मीड. असे दोघे एका कामावर आले म्हटल्यावर चाहत्यांना बोलण्यासारखे बरेच होते. ते बोलले मिशीबद्दल.

मिशी म्हणजे नेमके काय, ते पाहण्यासारखे आहे. गंडमच्या कपाळावर इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराची दोन पाती असतात. सामुराईच्या शिरस्त्राणावरच्या तुऱ्याची आठवण करून देणारी. चाहते त्यांना व्ही-फिन म्हणतात. मीड यांनी ही पाती कपाळावरून उचलली आणि गालांवर आणून बसवली. डोळे दोनच राहिले. अंग पांढरेच राहिले. छातीचा निळा गेला नाही. हातात प्रकाशाची तलवार होतीच. तरी घराण्याला बट्टा लागला. गणपतीची सोंड डावीकडून उजवीकडे वळली की घरातले सोवळे कडक होते; इथे पाती कपाळावरून गालावर आली आणि मूर्तीच अमान्य झाली.

खरे तर मीड यांनी पात्यांपेक्षा जास्त बदलले होते ते बाकीचे. गंडम म्हणजे ठोकळे रचून उभा केलेला सैनिक, ही वीस वर्षांची सवय त्यांनी मोडली. पोटऱ्या गोलाकार केल्या. झोत सोडायची नळकांडी पाठीवर लटकवण्याऐवजी पोटऱ्यांच्या मागे फटींच्या ओळीत बसवली. सांधे चिलखताखाली दडवले नाहीत, ते दिसू दिले. यंत्र चालेल कसे, वाकेल कसे, याचा विचार रेषेरेषेत आहे. त्यांचा पहिला आराखडा गंडम म्हणून पसंतही पडला नव्हता. तो वाया न घालवता त्यातून ‘सुमो’ नावाचे चंद्रवासीयांचे यंत्र घडवले गेले. म्हणजे घासाघीस बरीच झाली होती. पोटरीवर किंवा सांध्यावर वाद घालता आला असता. मिशीच्या मानाने तो फारसा झाला नाही. पोटरी पाहायला वेळ लागतो. मिशी लगेच दिसते.

‘हा गंडमच नव्हे’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा गंडम कोणी ठरवला हे विचारावे लागते. १९७९ मध्ये कुनिओ ओकावारा यांनी पहिला गंडम रेखाटला. तोमिनोंना तो जवळपास पांढराच हवा होता. युद्धातले यंत्र, म्हणून युद्धातल्या यंत्राचा रंग. मालिकेचे प्रायोजक होते क्लोव्हर हे खेळणी बनवणारे. त्यांना दुकानाच्या फळीवर लांबून दिसेल असा रंग हवा होता. म्हणून लाल, निळा, पिवळा आला. गंडमला जोडून उडायचे एक वाहनही प्रायोजकांच्या आग्रहामुळे मालिकेत घुसले. १९८१ आणि १९८२ मध्ये मालिकेची चित्रपटरूपे निघाली, तेव्हा तोमिनोंनी ते वाहन काढून टाकले. त्याच्या जागी साधे लढाऊ विमान दिले. रंग मात्र काढता आले नाहीत. तोवर ते लोकांच्या डोळ्यांत बसले होते.

क्लोव्हरची ती रंगीत खेळणीही मालिकेला वाचवू शकली नाहीत. ५२ भागांचा बेत होता. प्रेक्षकसंख्या पडली आणि मालिका ४३ भागांत गुंडाळली गेली. तिला वाचवले ते नंतर. पुन:प्रक्षेपण झाले आणि जुलै १९८० मध्ये बांदाई या खेळणी कंपनीने सुटे भाग जोडून उभे करायचे ३०० येनचे किट काढले. प्रमाण १:१४४. गोंदाने चिकटवायचे. प्लॅस्टिक बहुतांशी पांढरे. लाल-निळा रंग मुलांनी आपल्या हाताने द्यायचा. म्हणजे तोमिनोंचा पांढरा गंडम खऱ्या अर्थाने मिळाला तो त्या स्वस्त डब्यात, आणि मुलांनी तो घरी आणून प्रायोजकांच्या रंगात रंगवला. आज चाहते ज्याला परंपरा म्हणतात, तिचा मोठा भाग एका दुकानदाराच्या फळीवरून आलेला आहे. त्याने ती कमअस्सल ठरत नाही. पण तिच्या नावाने शपथ घेण्याआधी हे माहीत असलेले बरे.

आता पुढच्या भागांचे पाहा. चाहते म्हणतात, त्यांना नवे काही हवे. हे खोटे नाही. गंडमच्या नावाखाली त्यांनी बरेच काही पचवले आहे. १९९४च्या ‘जी गंडम’ने अवकाशातले युद्धच बाद केले. दर चार वर्षांनी देशोदेशीचे गंडम कुस्तीच्या आखाड्यात उतरतात आणि जिंकेल तो देश अवकाशातल्या वसाहतींवर राज्य करतो, अशी ती कथा. मेक्सिकोचा गंडम टोपी घालून आला. नेदरलँड्सच्या गंडमला पवनचक्की होती. भारताच्या वाट्याला कोब्रा गंडम आला. आपल्याला कोणी विचारले नव्हते. सुरुवातीला ओरड झाली. पुढे तीच मालिका अनेकांची लाडकी झाली. ‘विंग’ आणि ‘एक्स’ या पुढच्या मालिकांनीही कालगणना बदलली. वेगळे शतक, वेगळे राजकारण, वेगळी युद्धे. चाहत्यांनी हे सारे स्वीकारले. अडले ते चेहऱ्याशी.

तोमिनोंनी टर्न-एमध्ये जे केले, ते पुढच्या भागांच्या व्यवहारात सहसा कोणी करत नाही. आजवरच्या साऱ्या गंडम मालिका त्यांनी एकाच भूतकाळात ओतल्या. स्वतः केलेल्या. दुसऱ्यांनी केलेल्याही. ज्यांच्या कालगणना एकमेकींशी जुळत नव्हत्या त्याही. या सगळ्याचा मिळून एक विसरलेला इतिहास झाला. माणसांनी तो जमिनीखाली पुरला आणि पुन्हा मोटारी, पिठाच्या चक्क्या, साध्या विमानांपासून सुरुवात केली. गंडम निघतो तो गावातल्या एका जुन्या पुतळ्याच्या आतून. चंद्रावरून आलेला मुलगा तो चालवतो. एका भागात तो यंत्राच्या छातीतल्या पोकळीत गायी भरून नेतो. आणि आणखी एक. ‘झेटा’ या गंडम मालिकेपासून रीत पडली होती, की मालिकेच्या मध्यावर नायकाला नवे यंत्र द्यायचे. दुकानात नवा डबा यावा म्हणून. टर्न-एचा नायक पन्नास भाग त्याच यंत्रात बसतो. मिशीसकट.

वाद व्हायला हवा होता तो इथे. दुसऱ्यांच्या मालिका आपल्या इतिहासात ओढण्याचा तोमिनोंना अधिकार होता का? आधीच्या युद्धांचे मोल त्यामुळे वाढते, की ती निव्वळ पुरातत्त्व होतात? मालिकेला पुढे नेण्याऐवजी तिचा शेवटच आधी सांगून टाकला, तर त्यानंतरच्या प्रत्येक भागाचे काय? हे प्रश्न अवघड आहेत. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे आहे. आम्हाला स्वतःला तोमिनोंची ही कृती थोडी उद्धट वाटते. तरी गंडमच्या पुढच्या भागांत एवढी धीट गोष्ट दुसरी नाही. चर्चेच्या पहिल्या फेरीत तिला जागा मिळाली नाही. जागा मिशीने घेतली होती.

अमेरिकेतले तर विचारूच नये. तिथे गंडम घराघरांत गेला २००० साली, ‘विंग’च्या निमित्ताने. त्यातल्या यंत्रांना टोकदार कपाळपाती होती, पंख होते. तोच चेहरा म्हणजे गंडम, असे तिथल्या मुलांच्या मनात पक्के झाले. टर्न-ए त्यांनी पाहिला तो चित्रांत. मालिका तिथे अधिकृतपणे विकत मिळू लागली २०१५ मध्ये. मधली बरीच वर्षे अनेकांचे मत तयार होते आणि मालिका पाहायची राहिली होती. काहींनी चोरट्या प्रती मिळवून पाहिली, हे खरे. बाकीच्यांना त्याची गरज वाटली नाही. चेहरा पाहिला होता ना.

किटच्या बाजारातही हेच. १९९९ मध्ये टर्न-एची मोजकीच किट निघाली. बांदाईची ‘मास्टर ग्रेड’ ही थोरली मालिका १९९५ पासून चालू होती. प्रमाण १:१००, आत सांगाडा, वर चिलखत, जाणत्या हातांसाठी. तीत मिशीवाल्याला अनेक वर्षे जागा नव्हती. मग २००७ मध्ये या मालिकेचा शंभरावा क्रमांक आला. शंभरावा म्हणजे मानाचा. सगळ्यांची नजर होती, की कोण. बांदाईने टर्न-ए दिला. तोच आराखडा. गालावर तीच पाती. हे किट हातात घेतल्यावर लोकांना गुडघा दिसला. तो पूर्ण दुमडत होता. पोटरीतल्या फटी दिसल्या. मीड यांनी आठ वर्षांपूर्वी जे कागदावर लिहून ठेवले होते, ते बोटांना कळले. तेव्हापासून टर्न-ए हा ‘अभिजात आराखडा’ झाला. तो कुरूप होता असे आता सहसा कोणी म्हणत नाही. कधी म्हटले होते, तेही फारसे कोणी आठवत नाही.

मधल्या काळात पात्यांची जागा एका मिलिमीटरनेही बदलली नव्हती. मग बदलले काय? सवय. म्हणजे १९९९चा निकाल आराखड्याच्या गुणदोषांवर लागलेला नव्हता. आराखडा खरेच वाईट असता, तर तो २००७ मध्येही वाईटच ठरला असता.

हे जुने प्रकरण आज काढण्याला कारण आहे. २०२५ मध्ये ‘जीक्वाक्स’ ही नवी गंडम मालिका आली. यंत्रे इकुतो यामाशिता यांची, म्हणजे ‘इव्हँजेलियन’ या दुसऱ्या गाजलेल्या मालिकेची यंत्रे ज्यांनी घडवली त्यांची. दिग्दर्शनही त्याच गोटातल्या काझुया त्सुरुमाकी यांचे. या मालिकेने १९७९च्या मूळ युद्धाचा निकालच उलटा केला. खलनायकाने गंडम पळवला आणि शत्रू जिंकला, इथून कथा सुरू होते. गंडमच्या घरात याहून मोठी तोडफोड क्वचितच झाली असेल. पहिली चित्रे बाहेर पडली तेव्हा सर्वात आधी काय ऐकू आले? चेहरा विचित्र आहे. कंबर बारीक आहे. इव्हँजेलियनसारखा दिसतो. कथेवर लोक नंतर बोलले, आणि बरेच बोलले. पण चेहऱ्याचा निकाल तोवर लागून गेला होता.

चाहत्याला मत असू नये, असे कोणी म्हणत नाही. तो पैसे मोजतो. रात्र रात्र बसून सांगाड्यातले तुकडे कापतो, घासतो, रंगवतो. यंत्राच्या अंगाची त्याला असलेली जाण काही वेळा ते कागदावर काढणाऱ्यापेक्षा जास्त असते. खांद्याचे चिलखत हात वर करू देत नाही, बंदूक बोटांत बसत नाही, गुडघा वाकला की मांडी उघडी पडते, हे त्याला पहिल्यांदा कळते. निर्मात्यांना अशी टीका उपयोगी पडते. तिच्यामुळे पुढचे किट सुधारते. ‘कपाळावर पाती नाहीत’ या तक्रारीतून निर्मात्याला एवढेच कळते, की पुढच्या वेळी पाती लावली की चाहते गप्प बसतात. मग तो पाती लावतो. आत तेच जुने यंत्र, तेच जुने युद्ध ठेवतो. आणि पुढचा भाग नवा नाही म्हणून तेच चाहते पुन्हा ओरडतात.

नवा गंडम पुन्हा जाहीर होईलच. एखादे चित्र बाहेर पडेल, त्यात चेहरा असेल आणि त्या चेहऱ्यात काहीतरी भलत्याच ठिकाणी असेल. चाहत्यांनी त्यावर जरूर तुटून पडावे. फक्त सुरुवात गुडघ्यापासून करावी, आणि चेहऱ्यावर येण्याआधी निदान चार भाग पाहून घ्यावेत.