तो नव्हता म्हणून?

ग्रुपच्या हिरोने ऐनवेळी टांग दिली आणि दिघीच्या वीकेंडमधून पाठोपाठ तिघं गळाले. उरलो आम्ही दोघी. तरी धमाल केली! परतताना जेट्टीवर आगरदांड्याच्या फेरीबोटीची वाट बघत होते, तेव्हा टायगर वुड्स आठवला. जून २००८मध्ये दुखऱ्या गुडघ्यानिशी यूएस ओपन जिंकून तो ऑपरेशनला गेला आणि टीव्हीवर गोल्फ बघणारे घटले. त्या वर्षीच्या उरलेल्या दोन्ही मेजर स्पर्धा, ब्रिटिश ओपन आणि पीजीए चॅम्पियनशिप, आयर्लंडच्या पॅड्रिग हॅरिंग्टनने मारल्या. पण ‘टायगर नव्हता ना!’ हे शेपूट चिकटलंच. सिनियर रजेवर होती म्हणून मला पहिली कव्हर स्टोरी मिळाली, तेव्हा तेच शेपूट मलाही चिकटलं होतं. पण मंडळी, करंडक कधी अर्धा देतात का? स्टोरी तर मीच लिहिली होती ना!