गाळलेलं पान

माझी नात नववीत आहे. गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी ती चार कागद घेऊन माझ्यासमोर बसली. शाळेनं त्यांना शोधनिबंध लिहायला सांगितला होता. नुसती माहिती गोळा करायची नाही. एक मुद्दा घ्यायचा, पुरावे जमवायचे आणि वाचणाऱ्याला तो पटवून द्यायचा. तिचा मुद्दा होता, ‘दप्तराचं ओझं शाळांनीच कमी केलं पाहिजे.’

आमच्या वेळी निबंध म्हणजे ‘विज्ञान : शाप की वरदान’. एक पान शापाचं, एक पान वरदानाचं आणि शेवटी ‘सारे काही माणसाच्या हाती आहे’ असं म्हणून मोकळं व्हायचं. वर एखादं सुभाषित पेरलं की गुरुजी खूश. पुरावा कुणी मागत नसे. त्यामुळे या नव्या प्रकाराचं मला कौतुक वाटलं आणि मी चष्मा लावून वाचायला बसलो.

भाषा छान होती, पण दुसऱ्याच वाक्यात ‘एका पाहणीनुसार’ आलं.

“कुणाची पाहणी? किती मुलं तपासली?”

“इंटरनेटवर आहे, आजोबा.”

“अगं, ती जागा झाली. साक्षीदाराचं नाव काय?”

ती हिरमुसली, पण कामाला लागली. चार दिवसांत तिनं बरंच शोधलं. ‘मालगुडी’वाले आर. के. नारायण राज्यसभेचे सदस्य होते आणि १९८९ साली तिथल्या भाषणात ते मुलांच्या पाठीवरच्या दप्तराबद्दल बोलले होते. पुढे प्राध्यापक यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या १९९३ च्या अहवालानं सांगितलं की, दप्तराच्या वजनापेक्षाही न समजता शिकण्याचं ओझं अधिक घातक आहे. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये आदेश काढला, दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नको. केंद्राच्या २०२० च्या धोरणानंही तेच प्रमाण धरलं. २०२३ मध्ये आपल्याकडे पाठ्यपुस्तकांतच कोरी पानं जोडली, म्हणजे वह्या कमी लागतील. २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला. तीस-पस्तीस वर्षांत कागद भरपूर झाले होते.

“आता तुझ्या वर्गातली दप्तरं तोल,” मी म्हटलं. प्रवासात बॅग तोलायचा हुकाचा काटा घरात होता. बाईंची परवानगी घेऊन ती आठवडाभर रोज पहिल्या तासाआधी दप्तरं तोलत होती. शनिवारी घरी आली ती चेहरा पाडून.

दप्तरं जड होतीच. तिचं स्वतःचं वजन बेचाळीस किलो, म्हणजे दप्तर चार किलो दोनशेच्या आत हवं. ते भरलं सहा किलोच्या वर. पण आतलं सामान बाहेर काढल्यावर वेगळंच दिसलं. त्या दिवशीच्या तासांना लागणाऱ्या वह्या-पुस्तकांचं वजन चार किलोही नव्हतं. बाकी सगळं क्लासच्या नोट्स, गाइड, दोन लिटरची पाण्याची बाटली आणि ‘असू देत’ म्हणून कोंबलेली इतर वारांची पुस्तकं. बऱ्याच जणांची हीच तऱ्हा.

“हे लिहिलं तर माझा मुद्दाच पडेल,” ती म्हणाली. “मी हे पान गाळते. खोटं तर काही लिहीत नाहीये ना?”

तिच्या त्या प्रश्नानं मला चाळीस वर्षं मागे नेलं.

१९८६ साली मी मराठवाड्यातल्या एका शाखेत शेतीकर्जाचं काम पाहत होतो. मार्च तोंडावर आला होता, उद्दिष्ट पुरं व्हायचं होतं. एका शेतकऱ्यानं विहिरीसाठी अर्ज केला. माणूस कष्टाळू, जमीन बरी. मी शिफारशीची टिपणी लिहिली. तेव्हा मी नुकताच कथा लिहायला लागलो होतो, त्यामुळे टिपणी झकास उतरली. खर्च, येणारं पीक, हप्त्यांचा हिशेब, सगळं चोख. पण पाहणीला गेलो तेव्हा शेजारच्या दोन विहिरी मी वाकून पाहिल्या होत्या. संक्रांतीलाच तळ दिसत होता. आपल्या काळ्या कातळाच्या मुलखात पाणी सरसकट नसतं. ते मुरमाच्या थरात नाहीतर खडकाच्या भेगांत सापडतं. हे मला ठाऊक होतं. टिपणीत त्या दोन विहिरी आल्या नाहीत. लिहिलेलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

कर्ज मंजूर झालं. चाळीस फुटांवर कातळ लागला आणि पाणी मिळालं ते दोन घागरींपुरतं. व्याज चढत राहिलं. पुढच्या वर्षी त्यानं बैलजोडी विकली. हप्ता भरायला आला तेव्हा मलाच म्हणाला, “साहेब, तुम्ही काय करणार? आमचं नशीबच तसं.” मी मान खाली घालून पावती फाडली.

हे मी घरात कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी नातीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पण आजोबा, आपल्याच विरुद्ध लिहिलं तर पटणार कसं?”

मी म्हटलं, “तुझा निबंध वाचणाऱ्या आईला क्लासच्या नोट्स ठाऊक आहेत. तू गाळल्यास तर ती मनात म्हणेल, हिला माहीत नाही, नाहीतर ही लपवते. तू आधी कबूल केलंस, तर पुढचं ऐकेल. आणि मुलं हे सगळं का आणतात, ते विचारलंस का?”

सोमवारी तिनं विचारलं. बाटली का, तर शाळेच्या नळाच्या पाण्याची खात्री वाटत नाही. सगळ्या वारांची पुस्तकं का, तर तास ऐनवेळी बदलतात आणि पुस्तक नसलं की उभं राहावं लागतं. क्लासचं सामान का, तर शाळेतून परस्पर जायचं असतं आणि वर्गात ठेवायला कप्पा नाही. जे पान तिचा मुद्दा पाडणार होतं, त्यातूनच शाळेनं करायच्या तीन गोष्टी निघाल्या : स्वच्छ पाणी, न बदलणारं वेळापत्रक आणि वर्गात कप्पे. चौथी पालकांच्या वाट्याची निघाली, रात्री दप्तर रिकामं करून पुन्हा भरायची. ‘शाळांनीच’ मधला ‘च’ तिनं स्वतःहून खोडला.

आज संगणकाला विषय सांगितला की तो क्षणात पटणारा निबंध लिहून देतो. बाजारात तयार प्रकल्पही मिळतात आणि हौशी पालक तर रात्र जागून लिहून देतात. या सगळ्यांत मुलाच्या हाती काटा येत नाही आणि आपल्याला नको असलेला आकडा समोर आला की काय करायचं, हा प्रसंगही येत नाही. पटवून देण्याची कला आपण मुलांना जरूर शिकवावी. पुढे यांतलंच कुणी कर्जाची टिपणी लिहील, कुणी रुग्णाला शस्त्रक्रियेचा सल्ला देईल, कुणी गावाला धरणाचे फायदे सांगेल. म्हणून शिक्षकांना माझी एक विनंती आहे. अशा निबंधात आपल्या मुद्द्याविरुद्ध जाणारं एक पान सक्तीचं करा आणि त्याला सर्वांत जास्त गुण ठेवा.

नातीनं निबंध देऊन टाकला. गुण अजून कळायचे आहेत. माझ्या टिपणीत त्या दोन विहिरींचा परिच्छेद असता, तर कर्ज मंजूर झालं नसतं. तो माणूस तेव्हा माझ्यावर रागावलाही असता. पण त्याची बैलजोडी त्याच्या दावणीला राहिली असती.