गाडीचें पाणी जातें कोठें?

सोलापुरांत वैशाख लागला म्हणजे गृहस्थाच्या मस्तकाबरोबर आणखी एक वस्तु तापूं लागते, ती म्हणजे त्याची मोटार. लग्नसराई असते, मुलांना सुट्टी असते, आणि कुलस्वामिनीच्या दर्शनाचा बेतहि याच दिवसांत ठरतो. गाडी दहा-पंधरा वर्षें वापरलेली. आंत वडील मंडळी, मुलें, फराळाचे डबे. बाहेर पारा ४२ अंशांवर. शहराच्या सपाटीवर निमूटपणें चाललेली ही गाडी तुळजापूरचा घाट चढूं लागली कीं तापमानाचा कांटा हळूहळू तांबड्या खुणेकडे सरकतो, आणि थोड्याच वेळांत बोनेटखालून वाफ निघूं लागते. मग कोणी "पाणी ओता" म्हणतो, कोणी "झांकण उघडा" म्हणतो. हे दोन्ही सल्ले त्या क्षणीं घातक आहेत. कां, तें या महिन्यांत पाहूं.

मोटारीचा विषय सोलापूरकरांना परका नाहीं. हिंदुस्थानांत मोटारी बनविण्याचा ध्यास घेऊन १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन करणारे वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालीं सोलापुरासच झाला. त्यांच्या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांतून निघालेली 'प्रीमियर पद्मिनी' एके काळीं मध्यमवर्गाच्या दारांतील भूषण होती. मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सीच्या रूपानें ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर कायमची निवृत्त झाली. त्या पिढीच्या गाड्या वापरणाऱ्यांना पाण्याची बाटली व फडकें गाडींत ठेवण्याची संवय असे. पुढच्या पिढीच्या गाड्या क्वचितच तापतात, म्हणून ती संवय सुटली; परंतु गाडी जुनी झाली म्हणजे जुनें दुखणें नव्या गाडीलाहि गांठतेंच.

इंजिनांत जळणाऱ्या इंधनाची सर्व उष्णता चाकें फिरविण्याच्या कामीं येत नाहीं. स्थूलमानानें तिचा एक-तृतीयांश भाग धुराबरोबर जातो आणि जवळजवळ तितकाच भाग इंजिनाभोंवतीं खेळणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. हें पाणी पंपाच्या जोरानें रेडिएटरमध्यें येतें, तेथें वाऱ्याला उष्णता देतें व पुन्हां इंजिनांत जातें. आतां, रेडिएटर किती उष्णता टाकूं शकेल हें पाण्याच्या व हवेच्या तापमानांतील अंतरावर अवलंबून असतें. पाणी ९० अंशांवर व हवा २० अंशांवर असेल तर तें अंतर ७० अंशांचें. हवा ४२ अंशांवर गेली कीं तेंच अंतर ४८ उरतें. म्हणजे पौषांत जें काम रेडिएटर लीलेनें करतो, त्यासाठीं वैशाखांत त्याच्या अंगीं सुमारें एक-तृतीयांश शक्ति कमी असते. म्हणून हिंवाळ्यांत लपून राहिलेला दोष उन्हाळ्यांत बाहेर येतो. ऊन हें दुखण्याचें कारण नव्हे. तें दुखणें उघडें पाडणारा साक्षीदार आहे.

दुसरी गोष्ट झांकणाची. स्वयंपाकघरांतील कुकर जिनें पाहिला आहे, तिला ही निराळी समजवावयास नको. कुकरांत दाब वाढल्यामुळें पाणी शंभर अंशांवर न उकळतां त्याहून वर उकळतें. रेडिएटरचें झांकण हेंच करतें. एका वातावरणाइतका जादा दाब धरला तर पाण्याचा उत्कलनबिंदु सुमारें १२० अंशांवर जातो. पण तापलेल्या गाडीचें झांकण उघडणें म्हणजे शिजत असलेल्या कुकरचें झांकण ओढून काढणें होय. दाब एकदम सुटतो, आंतील पाण्याची तत्काळ वाफ होते व ती तोंडाहातांवर येते. उलट, झांकणाचा रबर झिजला असेल तर दाब टिकत नाहीं, पाणी लवकर उकळतें व उतूं जातें. थोड्या रुपयांच्या या झांकणासाठीं कित्येकदां मोठ्या दुरुस्त्या झालेल्या आहेत.

तेव्हां कांटा वर जाऊं लागला तर प्रथम वातानुकूलन बंद करावें व हीटर पूर्ण वेगानें चालू करावा. मंडळी कुरकुर करतील. परंतु हीटर हा लहानसा रेडिएटरच असून इंजिनाची उष्णता तो बाहेर काढतो. त्यांतून गार वारा आला तर पाणी फार कमी झालें आहे किंवा तें फिरत नाहीं असें समजावें. कांटा तरीहि उतरला नाहीं तर रस्त्याच्या कडेस, शक्यतों सावलींत, गाडी उभी करून इंजिन बंद करावें. निदान अर्धा तास झांकणास हात लावूं नये. नंतर जाड फडकें धरून तें थोडेंसें फिरवावें, उरलेली वाफ जाऊं द्यावी, मगच उघडावें. तापलेल्या इंजिनांत गार पाणी ओतूं नये. धातूला तडा जातो. आणखी एक फसवी खूण ध्यानांत ठेवावी : वर गेलेला कांटा एकाएकीं खालीं आला तर आनंद मानूं नये. पाणी संपून मापक कोरडा पडला कीं त्यास उष्णता कळतच नाहीं.

संकट टळल्यावर खरी परीक्षा सुरू होते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं, इंजिन पूर्ण गार असतां, पाण्याची पातळी पहावी. येथें प्रश्न एकच : पाणी कमी आहे कीं पुरेसें आहे?

कमी असेल तर तें कोठें तरी गेलें आहे. रात्रीं गाडीखालीं जुना पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळीं त्यावर रंगीत, गोडसर वासाचा डाग दिसला तर गळती बाहेरची. मग रबरी नळ्यांची टोंकें, रेडिएटरचे सांधे व पाण्याच्या पंपाखालील बारीक छिद्र तपासावें. जमिनीवर डाग नाहीं, पण गाडींतील सतरंजी ओली होते व कांचेवर चिकट धुकें येतें, तर हीटरची नळी फुटली आहे. दोन्हीं ठिकाणीं कांहीं आढळलें नाहीं तर पाणी इंजिनाच्या आंत जात असावें. इंजिन तापल्यावरहि धूर पांढरा व गोडसर वासाचा निघतो, तेलाची पट्टी काढली असतां तेल दुधी चहासारखें दिसतें, किंवा थंड इंजिन झांकण काढून सुरू केल्यावर पाण्यांत एकसारखे बुडबुडे येतात : यांपैकीं एकहि खूण दिसली तर हेड गॅस्केट गेल्याचा दाट संशय घ्यावा आणि गाडी चालवूं नये. मेकॅनिककडे दाबाच्या पंपानें तपासणी करवून घ्यावी. गळती कोठें आहे तें तेथें कळतें.

पाणी पुरेसें असून गाडी तापत असेल तर ती केव्हां तापते हें पहावें. गर्दींत उभी असतां तापते व वेगांत गार होते, तर दोष पंख्यांत. त्याची मोटर, फ्यूज किंवा जुन्या घडणीच्या गाडींत सैल झालेला पट्टा. उलट, वेगांत व चढावर तापते, तर रेडिएटर चोंदला आहे अथवा थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाहीं. रेडिएटरच्या पात्यांत धूळ, किडे व उसाच्या पाचोळ्याचा भुगा बसतो. तो इंजिनाच्या बाजूनें हलक्या पाण्यानें धुवावा. थर्मोस्टॅटची परीक्षा तर घरींहि होते : तो काढून पातेल्यांतील पाण्यांत टांगावा व पाणी तापवावें, त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास, बहुधा ८२ ते ८८ च्या दरम्यान, तो उघडूं लागला पाहिजे. त्या कामीं वापरलेलें पातेलें पुन्हां स्वयंपाकांत आणूं नये.

कांहीं मिस्त्री थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. हा उपाय नव्हे. त्यानें इंजिन लवकर तापत नाहीं, इंधन अधिक जळतें व झीज वाढते. तसेंच नळाचें किंवा बोअरचें पाणी. बंबाच्या आंत क्षारांचा जो पांढरा थर सांचतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत सांचतो. वाटेंत अडल्यास पिण्याचें पाणी चालेल. पण नंतर तें काढून शुद्ध पाणी व कूलंट सारख्या प्रमाणांत भरावें. असें मिश्रण उशीरा उकळतें व धातूस गंजूं देत नाहीं.

मात्र कूलंट चवीला गोड व अत्यंत विषारी आहे. सांडलेला तत्काळ धुऊन टाकावा, डबा कुलुपांत ठेवावा. दारांतील मांजर-कुत्र्यांनाहि थोडासा प्राणघातक ठरतो, मग लहान मुलांची गोष्ट काय सांगावी?

तात्पर्य, बंद व्यवस्थेंतलें पाणी आपोआप आटत नाहीं. तें वारंवार भरावें लागत असेल तर भरणें हा उपचार नसून, दुखणें पुढें ढकलणें आहे. झिजलेली नळी शेंकड्यांत बदलून मिळते. तापून वांकडें झालेलें इंजिनाचें डोकें हजारों रुपये घेऊन जातें. म्हणून प्रवासाच्या आदल्या सकाळीं, देवापुढें दिवा लावून झाला कीं, दोन मिनिटें बोनेट उघडून पातळी पहावी. घाट मग कितीहि तापलेला असो.